सिनेमातला बाप

३ मे, शनिवार

निलमने ही वही हातात दिली आणि म्हणाली, "राग आला की यात काढा. घरात नको." वर चहाही समोर ठेवला. म्हणजे भांडायचीही सोय नाही. तर लिहितो.

आजचा राग सिनेमावाल्यांवर. आपली घोलवडची वाडी त्यांना महिनाभर दिलीय, ती निलमच्या हौसेपायी. मुंबईहून एवढी माणसं आली आहेत की मोजवत नाहीत. चिकूच्या फांद्यांना दोऱ्या बांधतात, नर्सरीतल्या कलमांवरून वायरी ओढतात, आणि वर मलाच विचारतात, "काका, जरा बाजूला होता का?" माझ्याच वाडीत!

त्यात सकाळी आमच्या ओंकारने पाइप चालू ठेवला आणि कलमांची अख्खी रांग आडवी झाली. मी त्याला बोललो. दहावीत जाणारा मुलगा, लक्ष कुठे असतं? तो नेहमीसारखा मान खाली घालून उभा राहिला. माझं बोलून संपलं आणि मागून टाळी ऐकू आली. त्यांचा दिग्दर्शक होता, नविन.

"जतीनभाई, हाच बाप पाहिजे मला."

हा मूळचा डहाणू रोडचा. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. आता अंधेरीला असतो. बाप-लेकीच्या मायेचा सिनेमा काढतोय म्हणे, आणि बापाचं काम करणारा नट आयत्या वेळी फिरला. "तुम्हाला अ‍ॅक्टिंग करायचीच नाही. आहात तसे उभे राहा." मी म्हटलं, मला वेळ नाही. निलम आतून ओरडली, "करतील ते!" ओंकार हसला. मी बघितलं तसा थांबला.

५ मे, सोमवार

सिनेमातली माझी मुलगी आज बघितली. रविना. वय नऊ, तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत शिकते. नविनने तिला शाळेच्या कार्यक्रमात नाचताना पाहिलं होतं. सोबत आई आहे, बायजी. फारसं बोलत नाही, पण पोरीवरून नजर हलवत नाही. बाप सुकऱ्या धाकटी डहाणूला बोटीवर खलाशी आहे, सध्या समुद्रात.

पोरगी धीट आहे. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "तुम्ही खरंच रागावता का असा चेहराच आहे?"

सगळे हसले. मला राग आला नाही, याचाच राग आला.

दिवसभर उन्हात उभं केलं. एकच दार उघडून आत यायचं, पंधरा-वीस वेळा. माझ्याच घराचं दार मी चुकीचं उघडतो असं नविनचं म्हणणं.

८ मे, गुरुवार

आज डोकं फिरलं.

सीन असा. मुलीच्या हातून बकऱ्या सुटतात, भात खातात, बाप तिला थोबाडीत मारतो. मी विचारलं, कसं करायचं? नविन मला झाडामागे घेऊन गेला. "खरी मारा. हलकीच. तिला सांगायचं नाही. चेहरा खरा आला पाहिजे."

मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"एक चापट, जतीनभाई. मुलांना काय, दोन मिनिटांत विसरतात."

"तू विसरलास?"

तो अगदी साधेपणाने म्हणाला, "नाही ना. माझा बाप दुकानात गिऱ्हाइकांसमोर मारायचा. म्हणूनच मला माहीत आहे तो चेहरा कसा होतो."

तरी मी नाही म्हणजे नाही. सगळ्यांसमोर सांगितलं, की पोरीला हात लावणार नाही. मी माझ्या सख्ख्या मुलाला आजवर बोट लावलेलं नाही, परक्याच्या पोरीला मारू? निलम ओटीवर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर बघितलं, काहीतरी बोलेल असं वाटलं, पण परत घड्या घालायला लागली.

शेवटी रविनाच म्हणाली, "मला येतं." मी हात फिरवायचा आणि तिने त्याच वेळी मागे टाळी वाजवून मान वळवायची. आश्रमशाळेत पोरी असं खेळतात म्हणे. पहिल्याच फटक्याला असं झकास जमलं की बायजी जागची उठली. नविन म्हणाला, "ठीक आहे." ठीक आहे म्हणे! तोंड बघायला पाहिजे होतं त्याचं, मिठाईत केस निघाल्यासारखं.

घरी आल्यावर ओंकारला हे सांगत होतो तर तो मोबाइलमध्ये. मोबाइल काढून घेतला. बाप काही चांगलं केलेलं सांगतोय तर ऐकायला काय होतं? जेवायला बसला नाही. मी बोलावलंही नाही.

११ मे, रविवार

मनगटाला फडकं बांधून लिहितोय. अक्षर कसं येतंय कोण जाणे.

आज निरोपाचा सीन होता. बाप मुलीला वसतिगृहाच्या फाटकाशी सोडून जातो, ती त्याला बिलगून रडते. रविनाला रडू येईना. डोळ्यांत औषध घातलं तर डोळे लाल झाले, आणि बायजीने ती बाटली सरळ काढून घेतली. "पोरीचे डोळे आहेत," एवढंच म्हणाली. जेवणानंतर नविनने बायजीला कपडेवाल्या बाईंबरोबर डहाणू रोडला धाडलं. म्हणे तुमच्यासाठीही बांगड्या घ्या. मला वाटलं, चला, जरा माणुसकी आली.

मग आम्ही फाटकाशी उभे राहिलो. नविन रविनाजवळ वाकला, तिच्या कानात काही बोलला आणि मागे गेला. पोरीने माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. माझा सदरा दोन्ही मुठींत धरून म्हणाली, "काका, माझ्या बाबाची बोट बुडाली?"

मलाही क्षणभर खरंच वाटलं. दोन दिवस वारा जबरदस्त होता. मी नविनकडे बघितलं. तो हवेत बोट गोल फिरवत होता, चालू द्या, चालू द्या. तेव्हा कळलं.

ती जो आवाज काढत होती तो लिहिता येत नाही. मी ओरडलो, "खोटं आहे! बंद करा ते!" तिने ऐकलं नाही. मला सोडून अनवाणी रस्त्याकडे धावत सुटली. आणि कॅमेरावाला तिच्या मागे! कॅमेरा घेऊन! मी त्याला ढकललं. पडला. कोपर फुटलं. त्याला मी सॉरी म्हणणार नाही.

फाटकाबाहेर तिला गाठलं तर मनगटाला कडकडून चावली. मी सांगतोय, खोटं आहे, अगं खोटं आहे, कानात किडे पडलेत का, ऐक! जेवढ्या जोरात सांगावं तेवढी ती जास्त घाबरत होती. का ते कळेना.

नविन आला. चेहरा असा, की सोनं सापडलंय. गुडघ्यावर बसला. "बेटा, जोक होता. बाबा एकदम ठीक आहे. तू किती सुंदर काम केलंस माहीत आहे?"

रविनाने त्याच्याकडे बघितलं. म्हणाली, "मग तेव्हा खोटं बोललात का आता खोटं बोलताय?"

एवढी शिकलेली माणसं उभी होती. एकालाही तिच्यासाठी पाणी आणायचं सुचलं नाही.

सुकऱ्याचा फोन लावला. समुद्रात कुठली रेंज! बायजी परत आली, हातात हिरव्या बांगड्या. कोणीतरी तिला सांगितलं. ती ओरडली नाही. पोरीचा हात धरला आणि चालायला लागली. म्हटलं, कुठे? "बंदरावर." घोलवडहून धाकटी डहाणू, पायी! मी गाडी काढली.

१२ मे, सोमवार

बंदरावरच आहोत. बोटीचे मालक रामनाथ यांच्या घरी दोघींची सोय झाली. मी घरी जाऊन सकाळी परत आलो. निलम म्हणाली, "तुम्ही जाऊन काय होणार?" मला माहीत नाही काय होणार. पण घरी बसलो असतो तर नविनचा गळा धरला असता.

रामनाथ भला माणूस. रविनाला म्हणाले, "बाळ, माझी बोट बुडाली असती तर मी इथे जाळं शिवत बसलो असतो का?" मला एकदम पटलं. तिला नाही. "तुम्हाला अजून कोणी सांगितलं नसेल," म्हणाली. वायरलेसवर बोलणं होत नाही, बोट लांब आहे. उद्याच्या भरतीला येईल असा अंदाज. अंदाज! सगळं जग अंदाजावर चालतं आणि पोरगी पालथ्या होडीच्या सावलीत बसून खाडीच्या तोंडाकडे बघतेय. जेवत नाही, पाणी तेवढं पिते. बायजी तिच्या शेजारी. तीसुद्धा आता बघते त्याच बाजूला. खोटं आहे हे तिला माहीत आहे, तरी बघते. आणि खरं सांगायचं तर मीही बघतो. न जाणो, खरंच काही झालं असलं तर? नविनच्या जिभेने झालं असं वाटेल आयुष्यभर.

त्याचा फोन आला तीनदा. तिसऱ्यांदा उचलला. "जतीनभाई, युनिट बसून आहे. मुलीला समजवा ना. लहान आहे, चॉकलेट..." पुढचं मी जे बोललो ते या वहीतसुद्धा लिहिण्यासारखं नाही. सुकट वाळवणाऱ्या बायका उठून लांब गेल्या.

दुपारी बघतो तर ओंकार! निलमने डबा दिला म्हणून रिक्षा बदलत एकटा आला. मी तिथेच त्याला झापलं. सांगता येत नाही, विचारता येत नाही, वाटेत काही झालं असतं तर? त्याने डबा ठेवला आणि होडीपलीकडे जाऊन बसला. मी अलीकडे, सावलीला टेकून. डोळे मिटले होते, झोपलो नव्हतो.

रविनाचा आवाज आला. कालपासून पहिल्यांदा आपणहून बोलली.

"तो रोज असाच ओरडतो?"

"हो," ओंकार म्हणाला.

"तुला भीती वाटते?"

"वाटते."

मग ओंकार म्हणाला, "पण पप्पा खोटं बोलत नाहीत. कधीच. चांगलं वाटावं म्हणूनसुद्धा नाही. ते म्हणाले ना तुझे बाबा येणार, तर येणार."

मग डबा उघडल्याचा आवाज. तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण होतं. पोरगी जेवली. ओंकारने तिला अर्धं दिलं की पूर्ण, बघितलं नाही.

भीती वाटते म्हणाला. का वाटते? मी काय केलंय याला? बोटसुद्धा लावलेलं नाही. उपाशी ठेवलं नाही. मागेल ते आणून दिलं. आणि तिऱ्हाइताच्या पोरीला सांगतो, वाटते. विचारलं असतं तर बोलला असता का मला? असा राग आलाय ना. पण कोणावर ते लिहायला बसलो तर पुढे काही सुचत नाही.

१३ मे, मंगळवार

बोट आली.

भरतीबरोबर खाडीत शिरली. लांबून सगळ्या बोटी सारख्याच. रामनाथ म्हणाले, "आपलीच." रविना उठली नाही. माणसं दिसायला लागली, तरी नाही. सुकऱ्या कमरेएवढ्या पाण्यात उतरला, डोक्यावर टोपली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, तो हसतच येत होता, की बायको-पोर घ्यायला आली.

तेव्हा ती उठली. पाण्यात गेली. त्याच्या समोर उभी राहिली, हात धरून बघितला, उलटा करून बघितला. आणि मग दोन्ही मुठींनी त्याच्या पोटावर मारायला लागली. तो म्हणत होता, अगं, अगं, काय झालं? टोपली गेली पाण्यात. ती मारत होती आणि रडत होती. परवाचं रडणं वेगळं होतं. हे ऐकवत होतं.

कुठलातरी एक फिरायला आलेला माणूस मोबाइल काढून हे टिपायला लागला. मी उठेपर्यंत ओंकार त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. नुसता आडवा उभा. तो माणूस डावीकडे सरकला, ओंकारही डावीकडे. शेवटी त्याने मोबाइल खिशात घातला. मला हे करायला दहा शिव्या लागल्या असत्या.

बायजीने नवऱ्याला सगळं सांगितलं. सुकऱ्याने ऐकून घेतलं. अंगावर आला असता, ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने फक्त विचारलं, "ते त्यांच्याकडे अजून आहे? पोरीचं ते रडणं?"

म्हटलं, आहे.

"मग जाऊ तिथे."

१५ मे, गुरुवार

काल दिवसभर सगळे मलाच समजावत होते. वाडीत खानावळ चालवणारा, सिनेमावाल्यांना खोल्या दिलेले, गाड्या लावलेले. "जतीन, सिनेमा बंद पडला तर आपल्या गावाचं नाव जाईल." जाऊ दे! पोरीला बाप मेला म्हणून सांगितलं तेव्हा गावाचं नाव कुठे होतं?

आज सुकऱ्या, बायजी आणि रविना आले. आमच्या पडवीत बसले. निलमने चहा केला. नविन आला. चार दिवसांत दाढी वाढलीय, डोळे खोल. मला त्याची दया आली नाही.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "पण शॉट बघा एकदा. सुकऱ्याभाई, दोन वर्षं मी या सिनेमामागे आहे. असं खरं काही आजपर्यंत कोणी टिपलेलं नाही. लोक बघतील तर आपल्या मुलांना जवळ घेतील."

सुकऱ्या म्हणाला, "ती माझ्यासाठी रडली. मी मेलो म्हणून. ते लोकांनी बघायचं?"

नविनने चहाचा कप खाली ठेवला.

रविना म्हणाली, "मला दाखवा."

बायजी नको म्हणाली. रविनाने ऐकलं नाही. नविनने लॅपटॉप आणला. ती समोर बसली आणि पूर्ण बघितलं. तो आवाज परत पडवीत आला तेव्हा निलम आत निघून गेली. ओंकार खांबाला धरून उभा होता. रविनाच्या तोंडावर काही दिसेना. शेवटी म्हणाली, "पुसा."

"बेटा..."

"पुसा. नाहीतर मी पुढचं करणार नाही."

मी ओरडायला तोंड उघडलं. पण तिचा आवाज एवढा शांत होता की त्यावर आपला चढवायला लाज वाटली. मी फक्त म्हटलं, "मी पण करणार नाही." बाप नाही, लेक नाही, तर काढ म्हणावं मायेचा सिनेमा चिकूच्या झाडांवर.

नविनने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग पुसलं. रविना म्हणाली, "परत लावा." लावलं. काही आलं नाही. "अजून कुठे आहे का?" त्याच्या मदतनीसाने खाली बघितलं. होतं! दुसऱ्या डिस्कवर होतं! तेही आणायला लावलं, तेही पुसलं, तेही परत लावून बघितलं. तिसरीकडे कुठे असेल तर देव जाणे. मी नविनला बाजूला घेऊन सांगितलंय, की उद्या कुठल्या पडद्यावर ते दिसलं तर अंधेरीला येऊन तुझं दार फोडीन. हळू आवाजात सांगितलं. त्याने जास्त ऐकलं असं वाटलं.

संध्याकाळी फाटकाचा सीन झाला. रविनाची अट होती, आई-बाबा कॅमेऱ्याशेजारी उभे राहणार. ती रडली नाही. पिशवी उचलली, फाटकातून आत गेली, मागे वळली नाही. मी उभा राहिलो. मी काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. हात वर केला आणि तो तसाच राहिला. नविनने कट म्हटलंच नाही. बघतो तर तो तोंड फिरवून उभा.

चांगला झाला असावा सीन. म्हणून काही माफ होत नाही.

१८ मे, रविवार

रविनाचं काम संपलं. तिघांना पाड्यावर सोडायला गेलो, ओंकारला बरोबर घेतलं. उतरताना रविना म्हणाली, "काका, तुम्ही खोटं नाही बोलत. पण हळू बोलत जा." सुकऱ्या ओशाळला, तिला गप्प केलं. मी हसलो. काय करणार?

परतताना तलासरी आलं. एकदा विचारून टाकावं म्हणून विचारलं. "ओंकार, माझी भीती वाटते तुला?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. माझा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर जोरात पडला. तेव्हा तो म्हणाला, "पप्पा, गाडी हळू चालवा ना."

हे काय उत्तर झालं? तोंडावर आलं होतं, की विचारतो काय आणि बोलतो काय! त्याच्याकडे बघितलं. एका हाताने सीट घट्ट धरून बसला होता. डोळे माझ्या तोंडावर, आता काय येणार म्हणून.

गाडी हळू केली. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते, मारू दिले. शिव्या आल्या, गिळल्या. बोर्डीच्या बाजूला वळल्यावर त्याने काच खाली केली आणि अख्खा हात बाहेर सोडला. समोरून एसटी येत होती.

"हात आत घे, बाळा," मी म्हटलं.

त्याने चमकून बघितलं. माझं कपाळ चाचपावं की काय, असं.

"पप्पा, तुम्हाला बरं नाही का?"

"बरं आहे," म्हटलं.

एसटी गेली. हात त्याने आत घेतला होता.